उष्णतेचा ताण (खानदेश)

उष्णतेचा ताण : भोवतालची उष्णता आणि कष्टाने अंगात तयार होणारी उष्णता यांचा मिळून शरीराच्या गार राहण्याच्या यंत्रणेवर पडणारा भार. सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर यांच्यामधल्या तापीखोऱ्यात, म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत, एप्रिल-मे महिन्यांत हा ताण रोजचाच असतो. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंश सेल्सियसला टेकला तरी तिथे कोणाला नवल वाटत नाही.

शरीराचे आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास राखण्याचे काम मेंदूतील हायपोथॅलॅमसकडे असते. रक्त तापू लागले की त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि घाम सुटतो. तापलेल्या त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. हवा त्याहून गार असेल तोवर अंगातली उष्णता हवेत जाते. हवा ४३ अंशांवर गेली की व्यवहार उलटतो, हवाच अंग तापवू लागते. मग उरतो तो घाम वाळण्याचा एकच मार्ग. माठ पाझरतो म्हणून पाणी गार राहते, तसेच हे. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते आणि उन्हात राबणाऱ्याला तासाला लिटरभर घाम सहज येतो. खानदेशची कोरडी हवा यात उपकार करते आणि फसवतेही. घाम येताक्षणी उडतो, सदरा भिजत नाही, अंगातले किती पाणी गेले ते कळत नाही. सदऱ्यावर उमटलेले मिठाचे पांढरे डाग तेवढे सांगतात.

खरा भार हृदयावर असतो. त्वचेकडे जादा रक्त पाठवायचे, राबणाऱ्या स्नायूंनाही पुरवायचे, आणि घामामुळे रक्तातले पाणी तर घटत चाललेले. म्हणून नाडी जलद होते. आतड्यांचा रक्तपुरवठा आखडता घेतला जातो, भर उन्हात भूक मरते त्यामागे हेही एक कारण. व्हॅसोप्रेसिन आणि अल्डोस्टेरॉन ही संप्रेरके मूत्रपिंडांकडून पाणी व मीठ राखून घेतात. लघवी थोडी, गडद आणि जळजळीत होते. त्याला ‘उन्हाळी लागणे’ म्हणतात. ताणाचे अभ्यासक हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये ताणाच्या प्रतिसादाचे टप्पे मांडले, त्यांतला पहिला, धोक्याच्या इशाऱ्याचा टप्पा तो हाच.

सरावाने शरीर बदलते. रोज उन्हात काम केल्यास एक-दोन आठवड्यांत घाम लवकर व जास्त येऊ लागतो, त्यातले मीठ कमी होते, रक्तद्रव वाढतो. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचे, नवे साल सुरू होते तोवर तो असा तयार झालेला असतो. सणाला पुण्या-मुंबईहून आलेला पाहुणा नसतो. सराव सुटला की काही आठवड्यांत हा फायदाही ओसरतो.

यंत्रणा हरली की उष्माघात, म्हणजेच ‘ऊन लागणे’. शरीराचे तापमान ४० अंशांपुढे जाते आणि माणूस असंबद्ध बोलू लागतो किंवा बेशुद्ध पडतो. त्वचा कोरडीच असेल असे नाही. कष्ट करताना कोसळलेला माणूस घामाने निथळतही असतो. तापावरची पॅरासिटॅमॉल इथे कामाची नाही. तापात मेंदूनेच तापमानाची पातळी वर नेलेली असते, उष्माघातात ती जागेवर असून शरीर ती सांभाळू शकत नाही. सावलीत नेणे, अंगावर गार पाणी ओतत वारा घालणे आणि दवाखाना गाठणे, हाच उपाय. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नये. खिशातल्या कांद्याने ऊन अडत नाही. डोक्याला गुंडाळलेला रुमाल आणि मीठ घातलेले ताक किंवा कैरीचे पन्हे मात्र खरोखर उपयोगी.

रात्र गार झाली तर शरीराला उसंत मिळते. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरांवर उघड्यावर झोपण्याची जुनी रीत यासाठी सोयीची होती. दिवसभर तापलेला सिमेंटचा स्लॅब रात्रीही खोलीत उष्णता सोडत राहतो. जूनच्या तोंडावर पारा चार-पाच अंशांनी उतरतो, पण हवेत ओल येते. वाळ्याचा कूलर काम करेनासा होतो आणि त्याच कारणाने अंगावरचा घामही वाळत नाही. कापसाच्या लागवडीची धांदल नेमकी तेव्हाच असते.