कोळंबीच्या खाद्यातले ‘शैवाल’: पार्श्वभूमी

माशांच्या भुकटीऐवजी सोयापेंड आणि ‘सूक्ष्मशैवाल’ घातलेल्या शाकाहारी खाद्याची चर्चा आहे, आणि कोळंबीला शैवाल खाऊ घालणे ही नवी टूम असल्यासारखे हल्ली बोलले जाते. हॅचरीत, म्हणजे कोळंबीची पिल्ले तयार करणाऱ्या केंद्रात, काम करणाऱ्यांना त्याचे हसू येईल. जपानमध्ये १९३० च्या दशकात कुरुमा कोळंबीची अंडी टाकीत उबली, पण पिल्ले काही केल्या तगेनात. स्केलेटोनेमा हा डायटम, म्हणजे एकपेशीय शैवाल, त्यांच्या तोंडी लागला, तेव्हा कुठे ती पुढच्या अवस्थेत गेली. आजही आंध्र-तामिळनाडूच्या हॅचऱ्यांत ट्यूबलाइटखाली डायटमचे कोऱ्या चहाच्या रंगाचे पाणी बुडबुडत असते. पिल्लू खाते आहे की नाही, हे त्याच्यामागे लोंबणाऱ्या विष्ठेच्या दोऱ्यावरून ओळखतात.

पिल्लू मोठे होऊन तळ्यात गेले की मात्र गोळीखाद्य सुरू, आणि त्याचा आधार फिशमील, म्हणजे माशांची भुकटी. ती ज्यापासून बनते त्या अँकोव्ही या छोट्या माशाची पेरू देशातली वर्षाची पकड १९७० मध्ये सव्वा कोटी टनांच्या घरात होती, ती एल निनोच्या तडाख्याने १९७३ मध्ये २० लाख टनांच्या आसपास आली. सोयापेंडीकडे जगाचे लक्ष वळले ते त्या सुमारास. आपल्याकडे २००९ मध्ये व्हेनामी या परदेशी कोळंबीला परवानगी मिळाली. आधीच्या टायगर कोळंबीपेक्षा तिला प्रथिने कमी पुरतात, त्यामुळे गोळीत पेंडीचा वाटा वाढवणे सोपे झाले. लातूरच्या बाजारातला सोयाबीन आणि पालघरचे तळे यांचा संबंध असा जुळतो. (२०२१ मध्ये १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करण्याची मुभा मिळाली, तेव्हा कोंबडीवाले खूश आणि सोयाबीनवाले संतप्त होते. कोळंबीवाल्यांचे नाव त्या वादात फारसे कोणी घेतले नाही, पण पेंडीचा भाव त्यांनाही लागतोच.)

पेंडीत मेथिओनिन हे गरजेचे अमिनो आम्ल कमी, खनिजे अंगी लागू न देणारे फायटेट जास्त. ते एक वेळ निभावते. खरी अडचण दुसरीच. कोळंबीला कोलेस्टेरॉल स्वतःच्या शरीरात तयार करता येत नाही, ते खाण्यातूनच मिळावे लागते. डीएचए हे लांब साखळीचे मेदाम्लही तिला गरजेइतके बनवता येत नाही. पेंडीत दोन्ही नाहीत. तळ्यात ही उणीव लवकर दिसत नाही, कारण पाणी सूक्ष्म जीवांनी हिरवे किंवा तपकिरी असते आणि कोळंबी तेही खात असते. १९८० च्या दशकात हवाईत तेच खाद्य स्वच्छ पाण्यात आणि तळ्याच्या पाण्यात देऊन पाहिले, तर तळ्याच्या पाण्यातली कोळंबी ठळकपणे जास्त वाढली. शाकाहारी खाद्याच्या यशाचा आकडा समोर आला की मी आधी पाणी कसे होते ते विचारतो.

आता नावाचा घोळ. ‘सूक्ष्मशैवाल’ या एका शब्दाखाली बाजारात निदान तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. स्पिरुलिना हा वर्गीकरणाने जिवाणू आहे. प्रथिने भरपूर, रंगद्रव्येही चांगली. पण डीएचए नाही आणि कोलेस्टेरॉल तर नाहीच. दुसरा स्किझोकायट्रियम. पेंडीतली डीएचएची उणीव भरून काढणारा प्रामुख्याने हाच, पण तोही काटेकोरपणे शैवाल नव्हे. त्याच्यात हरितद्रव्य नसते, त्याला ऊन लागत नाही. स्टीलच्या बंद टाकीत साखर खाऊन तो वाढतो. शैवालांशी त्याचे नाते दूरच्या भाऊबंदांचे. लहान मुलांच्या दूधपावडरीसाठी सूक्ष्मजीवांपासून डीएचए तेल काढण्याचा उद्योग आधी उभा राहिला आणि ‘अल्गल ऑइल’ (शैवालतेल) हे नाव तिथूनच खाद्याच्या पिशवीवर उतरले. तिसरा हिमॅटोकॉकस. तो खरोखरच हिरवे शैवाल, पण त्याचे काम मुख्यतः अॅस्टाझँथिन हे लाल रंगद्रव्य पुरवण्याचे, म्हणजे शिजल्यावर कोळंबी लालबुंद दिसावी यासाठी.

हा शब्दच्छल नाही. डीएचए हवे म्हणून कोणी स्पिरुलिनाची भुकटी मिसळली, तर पैसे जातात आणि उणीव तशीच राहते. ‘सूर्यप्रकाशावर वाढलेले, निसर्गाला हलके’ ही जाहिरातही स्किझोकायट्रियमला लावता येत नाही, कारण त्याची साखर कुठल्या तरी शेतातच पिकलेली असते. आणि यातल्या कशानेही कोलेस्टेरॉलचा प्रश्न पुरता सुटत नाही; ते वेगळेच घालावे लागते, बहुतेकदा लोकरीच्या मेणातून काढलेले. संपूर्ण शाकाहारी म्हणवणाऱ्या गोळीत मेंढी अशी मागच्या दाराने येते.

एवढे दिवस हे सगळे माशाच्या तेलापेक्षा महागातले काम होते. २०२३ मध्ये पेरूने अँकोव्हीचा पहिला हंगाम रद्द केला आणि माशाच्या तेलाचे भाव भडकले. शैवालाच्या, किंवा त्या नावाने विकल्या जाणाऱ्या, तेलाची चौकशी खाद्य कारखान्यांत वाढली ती त्यानंतर. पिशवीवर मात्र अजूनही प्रथिने, स्निग्धांश, तंतू आणि ओलावा एवढेच छापलेले असते.