बालकांचे तात्पुरते निवारे (महाराष्ट्र)

टाकून दिलेल्या, हरवलेल्या किंवा घरात हेळसांड होणाऱ्या मुलांना पुढची सोय लागेपर्यंत ठेवून घेणाऱ्या संस्था. सहा वर्षांखालची मुले शक्यतो दत्तक संस्थेच्या शिशुगृहात आणि त्यावरची बालगृहात ठेवतात. रस्त्यावर दिवस काढणाऱ्या मुलांसाठी खुली निवारागृहे असतात. लोकांच्या तोंडी या सगळ्यांना ‘रिमांड होम’ हे एकच नाव आहे, आणि ते मुलांवर अन्याय करणारे आहे. गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांचे निरीक्षणगृह वेगळे असते. टाकलेल्या मुलावर कसलाच आरोप नसतो.

महाराष्ट्रात या कामाची सुरुवात विधवांच्या प्रश्नातून झाली. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवेने तेथे गुपचूप बाळंत व्हावे, मूल हवे तर न्यावे, नाही तर ठेवून जावे, अशी मुभा होती. तेथेच जन्मलेल्या यशवंताला फुले दांपत्याने दत्तक घेतले. पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर यांनी १८७५ मध्ये असेच गृह सुरू केले. यात्रेच्या गावी मूल सोडून जाणे सोपे होते, हे त्यामागचे कटू वास्तव. सरकार पुष्कळ उशिरा जागे झाले. मुंबईचा बालक कायदा १९२४ चा, तर डोंगरी, मानखुर्दच्या संस्था चालवणारी चिल्ड्रन्स एड सोसायटी १९२७ ची.

आज २०१५ चा बाल न्याय कायदा लागू आहे. सापडलेले मूल प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत बालकल्याण समितीपुढे आणावे लागते. समितीत अध्यक्ष व चार सदस्य असतात. मूल कोठे राहील हे तीच ठरवते; पोलीस किंवा रुग्णालय परस्पर ठरवू शकत नाही. ‘आम्हीच सांभाळतो’ म्हणणाऱ्या भल्या शेजाऱ्यालाही तो अधिकार नाही. मग आईबापांचा शोध सुरू होतो. वर्तमानपत्रात येणारी बाळांच्या फोटोंची जाहिरात याच शोधाचा भाग. कोणी पुढे आले नाही, तर दोन वर्षांपर्यंतचे मूल दोन महिन्यांत आणि मोठे मूल चार महिन्यांत दत्तकासाठी मोकळे ठरवायचे असते. आईने स्वतः समितीपुढे मूल सोपवले, तर तिला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. दत्तक संस्थांच्या दारातला पाळणा याच हेतूने असतो: सोडायचेच असेल, तर उकिरड्यावर नको.

तान्ह्या बाळाचा मुक्काम बहुधा थोडक्यात आटोपतो. खरी कोंडी मोठ्या मुलांची होते. आई किंवा बाप हयात असतो, कागदावर पालक असतो, पण भेटायला येत नाही. असे मूल ना घरी जाते, ना दत्तक. तात्पुरत्या जागेत त्याची शाळा संपते आणि अठरावे सरले की जागाही सुटते. त्यातील बऱ्याच जणांना घरातून निघावे लागते ते गरिबीमुळे किंवा एक पालक गेल्यामुळे. अशा कुटुंबाला किंवा नातेवाइकांना दरमहा अनुदान देऊन मूल घरीच राहावे, यासाठी राज्यात बालसंगोपन योजना आहे.