पार्श्वभूमी : सातपुड्याच्या पायथ्याचा बझाडा आणि तापीच्या पुराचे पाणी

रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांत भूजल पुनर्भरणाची चर्चा सुरू झाली की ती लवकरच टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आकड्यांवर येते. वाद असा, की तापीवर मोठे धरण बांधावे, की तिच्या पुराचे पाणी सातपुड्याच्या पायथ्याच्या गोट्यांच्या पट्ट्यात, म्हणजे बझाड्यात, मुरवावे. पण आकड्यांच्या आधी जमीन आहे. पाणी कुठे मुरेल आणि कुठे मुरणार नाही, हे तापीच्या खोऱ्यात फार पूर्वीच ठरून गेले आहे.

इथल्या जमिनीखालचे लाव्हाचे थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. हा भाग सर्वांच्या वाचनातला असल्याने खानदेशापुरत्या दोनच गोष्टी नोंदवतो. धुळे-नंदुरबारकडे जमिनीतल्या भेगांमध्ये लाव्हा गोठून साधारण पूर्व-पश्चिम दिशेच्या खडकाच्या भिंती, म्हणजे डाइक, तयार झाल्या. त्यांतल्या काही कित्येक किलोमीटर लांब आहेत आणि भूजलाला आडव्या येतात. त्यामुळे भिंतीच्या एका अंगाच्या विहिरीला पाणी आणि दुसऱ्या अंगाची कोरडी, असे होते. दुसरी गोष्ट जळगावच्या खाणींतल्या अपोफिलाइट-स्टिल्बाइटच्या स्फटिकांची. लाव्हातून वायू निघून गेल्यावर राहिलेल्या पोकळ्या अशा खनिजांनी भरल्या. संग्राहकांना त्यांची किंमत असेल, पण विहीर खणणाऱ्याच्या दृष्टीने भरलेल्या पोकळीत पाणी साठत नाही. अशा भरलेल्या पोकळ्यांच्या, म्हणजे मांजऱ्या, खडकात पाणी मिळते ते त्याच्या भेगांमुळे आणि झिजलेल्या भागामुळे.

खरा प्रश्न लाव्हानंतरचा आहे. पाठ्यपुस्तके तापीला ‘खचदरीतून वाहणारी नदी’ म्हणतात. दोन्ही बाजूंना प्रस्तरभंग, म्हणजे खडक तुटून सरकल्याच्या रेषा, आणि मधला भाग खाली, असे चित्र त्यातून डोळ्यांसमोर येते. उत्तरेकडे ते बरेचसे जुळते. सातपुड्याचा पायथा पूर्व-ईशान्य ते पश्चिम-नैऋत्य असा लांबवर सरळ जातो, अडावदजवळ उनपदेवला गरम पाणी जमिनीतून वर येते आणि १४ मार्च १९३८ च्या ६.३ तीव्रतेच्या भूकंपाचे केंद्रही याच पट्ट्यात होते. दक्षिणेकडे मात्र तसा ठळक कडा दिसत नाही. गिरणा, बोरी, पांझरा लांबून येतात, तर उत्तरेच्या सुकी, मोर या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या आहेत. गाळही उत्तरेला जाड आणि दक्षिणेकडे पातळ होत गेलेला. तळ उत्तरेकडे कलल्याची ही खूण आहे. सममित खचदरीपेक्षा एका बाजूने खचलेले खोरे हे वर्णन मला जास्त पटते. सेंधव्यावरून सिंदाडपर्यंत झालेल्या खोल भूकंपलहरी सर्वेक्षणात लाव्हाखाली जुन्या गाळखडकांचे थर असल्याचे दिसले. म्हणजे हा भाग लाव्हाच्या आधीही खोलगट असावा. त्या सर्वेक्षणाने खचदरीचा वाद पुढे नेला, संपवला नाही. विहिरीला यातून एवढेच हवे, की सर्वांत जाड गाळ डोंगराच्या अगदी जवळ आहे आणि काही ठिकाणी तीनशे मीटर खोदूनही खालचा काळा पाषाण (लाव्हाचा बेसॉल्ट) लागत नाही.

डोंगरातून सुटणाऱ्या नाल्याचा वेग सपाटीवर एकदम मोडतो. मोठे गोटे आणि जाड वाळू तो आधी टाकतो, बारीक माती पुढे नेतो. शेजारशेजारच्या नाल्यांचे असे पंख्यासारखे पसरलेले गाळाचे थर एकमेकांत मिसळून पायथ्याशी गोट्यांचा जो सलग पट्टा झाला, तो बझाडा. त्याची रुंदी काही किलोमीटरच आहे. तिथे पडलेले पाणी सरळ खाली जाते. दक्षिणेला चिकणमाती आणि वाळूचे थर एकाआड एक लागतात. चिकणमातीवर पाणी ओतले तर ते वरच अडते, वाळूच्या थराला ते बझाड्याकडूनच मिळते. तापीजवळ आणखी एक अडचण आहे. नदीने आपलाच गाळ खोल कापून उंच दरडी केल्या आहेत, त्यामुळे काठालगत मुरवलेले पाणी थोड्याच काळात नदीत परत झिरपते.

हे गणित जुन्या लोकांनी ओळखले होते. खानदेशाची जुनी राजधानी बुऱ्हाणपूर येथे १६१५ च्या सुमारास सातपुड्याकडून येणारे भूजल भुयारांनी उताराउताराने शहरात आणले गेले. भुयारावरच्या शंभरावर कुंड्यांची, म्हणजे विहिरीसारख्या उभ्या भोकांची, ती मालिका म्हणजे कुंडी भंडारा.

विजेचे पंप आले आणि ताळेबंद बदलला. पावसाळ्यात लावलेली मृगबाग असो की त्यानंतरची कांदेबाग, केळीला बारमाही पाणी लागते, आणि ट्यूबवेल दरवर्षी खोल जाऊ लागल्या. रावेर आणि यावल भूजल मूल्यांकनात अतिशोषित, म्हणजे भरण्यापेक्षा उपसा जास्त असलेले, ठरले. खोदाईच्या चुकाही कमी नाहीत. काळ्या पाषाणात चालणारा हवेचा हातोडा गाळात चालत नाही, भोक ढासळते. तिथे फिरकी रिग लागते, पण गोट्यांत तिचाही बिट अडकतो, म्हणून बझाड्यात ठोकून खोदणारी रिग बरी. खोदताना दर तीन मीटरला मातीचा नमुना काढून ठेवावा आणि भेगांचा, म्हणजे चिरा पाडलेला, पाइप फक्त वाळूच्या थरासमोर बसवावा. बाहेरून दोन ते चार मिलिमीटरची गोल खडी भरावी. अंदाजाने सगळीकडे भेगांचा पाइप टाकला की चिकणमाती आत येते, वाळू पंप खाते आणि चार वर्षांत ट्यूबवेल निकामी होते.

आता वादाचा निर्णय. तापीवर खारिया-गुटीघाट येथे ६६ टीएमसीचे मोठे धरण हा आधीचा प्रस्ताव होता. सुमारे १७ हजार हेक्टर बुडीत क्षेत्रामुळे तो मागे पडला. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांत करार झाला तो ८.३१ टीएमसीच्या बंधाऱ्याचा आणि कालव्यांतून पुराचे पाणी नेऊन मुरवण्याचा. एकूण वापर ३१.१३ टीएमसी. धरणाऐवजी बझाड्यालाच साठा मानणे ही कल्पना भूशास्त्राला धरून आहे आणि तिला विरोध करणे अवघड आहे. अडचण उंचीची आहे. बझाडा नदीपेक्षा बराच वर आहे. तापीवरच्या हतनूर धरणाची पूर्ण पातळी २१४ मीटर असल्याने तिथून पाणी आपोआप तिकडे जाणार नाही. म्हणून खूप वरच्या अंगाला पाणी अडवायचे आणि नदीपेक्षा सौम्य उताराने न्यायचे. दहा हजारात एक असा उतार धरला तर योजनेतल्या उजव्या कालव्याच्या पहिल्या टप्प्याच्या २२१ किलोमीटरला २२ मीटर उंची खर्च होते. रेषा थोडी खाली सरकली की कालवा गोट्यांऐवजी चिकणमातीतून जाईल, आणि मग ती पुनर्भरण योजना न राहता साधी सिंचन योजना होईल. लाभक्षेत्राचे हेक्टर मोजणाऱ्यांना त्यात वावगे वाटणार नाही. म्हणूनच रेषेवर दर काही अंतरावर बोअर घेऊन थर तपासल्याशिवाय आखणी पक्की होऊ नये.

दुसरी अडचण गाळाची. पहिल्या पुराचे पाणी मातीने लाल असते, ते सोडूनच द्यावे. नंतरचे पाणी आधी संथ कुंडात थांबवावे, मग गाळणीतून शाफ्टमध्ये, म्हणजे पाणी मुरवण्याच्या उभ्या खड्ड्यात, सोडावे. गाळणीत तळाला गोटे, त्यावर खडी आणि सर्वांत वर अर्धा मीटर जाड वाळू. वरची पाच-सात सेंटिमीटर वाळू दर हंगामात खरवडून बदलावी लागते. शाफ्ट भूजलपातळीच्या वरच संपवावा, म्हणजे मधला कोरडा थर उरलेला गाळ धरतो. जुन्या ट्यूबवेलमध्ये पाणी सोडायचेच असेल तर पाइप पाण्याच्या पातळीखाली न्यावा. उंचावरून पडणारे पाणी हवा ओढून घेते आणि बुडबुडे वाळूची छिद्रे अडवतात. गाळाने बुजलेला शाफ्ट पुन्हा खोदता येतो, बुजलेला वाळूचा थर मोकळा करणे फार कठीण.

लहान नाल्यांवरचे बंधारे हा पर्याय नेहमी पुढे केला जातो, आणि ते पाणी तर बझाड्यावरूनच वाहते. पण सुकी, मोर यांवरच्या धरणांनी पायथ्यालाच पूर अडवला आहे. गोट्यांवरून वाहणारे पाणी त्याने घटते आणि कालव्याचे पाणी खालच्या शेतांना जाते. या धरणांतून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ठरावीक विसर्ग नदीपात्रात सोडण्याला नवा कालवा लागत नाही. मोठ्या योजनेच्या गदारोळात हा मुद्दा मागे राहतो.

जागा निवडायला साधी चाचणी पुरते. एक मीटर लांब-रुंद-खोल खड्डा पाण्याने भरावा, रिकामा झाला की लगेच पुन्हा भरावा आणि दुसऱ्या भरणीत पाणी उतरायला किती वेळ लागला तो लिहून ठेवावा. पहिली भरणी कोरडी माती पिते, तिच्यावर भिस्त ठेवू नये. दुसऱ्या भरणीचे पाणी रात्रभर तसेच राहिले तर वर कितीही गोटे दिसोत, खाली चिकणमाती आहे आणि शाफ्ट त्या थराखाली न्यावा लागेल.