बॅटरी थकली की अर्थ मेला?

सेल्फ मारला, ‘कट्’ असा एकच आवाज आला आणि गाडी गप्प. सोलापुरात कुठल्याही गॅरेजात पुढचं वाक्य ठरलेलं: "बॅटरी गेली." घरच्या गाडीत ते बऱ्याचदा खरंही असतं, आपल्या उन्हात बॅटऱ्या लवकर मरतात. रेसिंगच्या गाडीत मात्र माझा पहिला संशय अर्थवर, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला गाडीच्या धातूशी जोडणाऱ्या अर्थिंगच्या जोडावर.

वजन मागे नेण्यासाठी बॅटरी बऱ्याचदा मागे बसवलेली असते. मग सेल्फपर्यंत लांबलचक केबल, मध्ये बॅटरी तोडणारा कटऑफ स्विच आणि करंटची परतीची वाट चासीतून, म्हणजे गाडीच्या धातूच्या सांगाड्यातून. चासीवर पावडर कोटिंग. रंगावरच बोल्ट आवळला तर करंट जाणार कुठून?

फसगत अशी की गाडी उभी असताना मीटर बॅटरीवर आणि सेल्फवर, दोन्हीकडे १२.६ व्होल्ट दाखवू शकतो. बोअरच्या क्षारानं चोंदलेला पाइप आठवा: नळ बंद असेतो दाब पुरेपूर, उघडला की करंगळीएवढी धार. सेल्फ १५० अँपिअर ओढत असेल आणि सांध्यात फक्त ०.०२ ओहम विरोध असेल, तर ३ व्होल्ट तिथंच खलास. एवढा विरोध साधा मीटर ओहमवर लावून सापडत नाही. तपासायचं ते सेल्फ फिरवतानाच.

गाडी न्यूट्रलला; इंजिन चालू होऊ नये म्हणून इग्निशनची ठिणगी आणि पेट्रोल पंप बंद, मग सेल्फ मारा. मीटरची टोकं क्लॅम्पवर नको, थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर धरा. साध्या लेड बॅटरीचा आकडा ९.६च्या खाली कोसळला तर आधी चार्ज करा. तरीही कोसळला तर बॅटरी थकली. ११च्या वर राहिला तर तिला दोष देऊ नका. आता एक टोक निगेटिव्ह खुंटावर, दुसरं इंजिन ब्लॉकवर, आणि पुन्हा सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसलं की अर्थ मेला. कटऑफ स्विचचीही अशीच परीक्षा घ्या. वाटेत कुठंच व्होल्टची गळती नसेल तर सेल्फ किंवा त्याचा सोलेनॉइड, म्हणजे सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच, उतरवा.

होटगी रोडला एका गाडीत मी शहाणपणानं नवी बॅटरी टाकली. ताज्या दमावर ती दोन दिवस चाललीही, म्हणून तर खात्री पटली! तिसऱ्या दिवशी पुन्हा ‘कट्’. ब्लॉकवर मीटर लावला: २.८. अर्थचा बोल्ट काढला, तर वॉशरखाली लाल रंगाचं वर्तुळ अगदी कोरं करकरीत. पॉलिश पेपरनं पत्रा उघडा केला आणि जुनीच बॅटरी परत बसवली. नवी अजून माझ्या कपाटाखाली आहे.