वशिंडी गोवंशाचे माणसाळणे

वशिंड व मानेखाली लोंबती पोळी असलेला भारतीय गोवंश (बॉस इंडिकस) आता नामशेष झालेल्या ऑरॉक्स या रानटी गुरांच्या भारतीय शाखेपासून माणसाळवण्यात आला. नर्मदेच्या खोऱ्यातील जीवाश्मांवरून या शाखेला बॉस नामाडिकस असे नाव मिळाले आहे.

हा गोवंश पश्चिम आशियातून आला की येथेच माणसाळला, हा वाद दीर्घकाळ चालला. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ झां-फ्रान्स्वा झारीज यांच्या नेतृत्वाखाली १९७४ पासून बोलन खिंडीच्या पायथ्याशी मेहरगढ (बलुचिस्तान) येथे झालेल्या उत्खननाने त्याला वेगळे वळण दिले. तेथील जनावरांच्या हाडांचा अभ्यास पुरातत्त्वज्ञ रिचर्ड मेडो यांनी केला. सर्वांत खालच्या थरांत चिंकारा, नीलगाय अशी शिकारीची जनावरे अधिक आहेत. वर येताना त्यांचे प्रमाण घटते, गोवंशाची हाडे वाढत जातात आणि त्यांचा आकार लहान होतो, जे माणसाळण्याचे लक्षण मानले जाते. हा बदल एकाच ठिकाणी, क्रमाने घडलेला दिसत असल्याने स्थानिक माणसाळण्याचा पक्ष अधिक सबळ वाटतो. १९९० च्या दशकातील मायटोकाँड्रियल डीएनएच्या (केवळ आईकडून संततीत येणाऱ्या आनुवंशिक द्रव्याच्या) अभ्यासानेही त्याला पुष्टी मिळाली, कारण वशिंडी व बिनवशिंडी गोवंशांची मातृवंशावळ शेतीच्या उगमापूर्वी लाखो वर्षे आधीच विभक्त झालेली आढळते. कालनिर्णय मात्र स्थिर नाही. मेहरगढच्या वस्तीचा प्रारंभ सामान्यतः इ. स. पू. सुमारे ७००० मानला जातो. नुकतेच तेथील दफनांतील दातांच्या रेडिओकार्बन मापनावरून (कार्बनच्या प्रमाणावरून वय ठरवण्याच्या पद्धतीवरून) तो इ. स. पू. सहाव्या सहस्रकाच्या उत्तरार्धापर्यंत अलीकडे आणावा, असे मत पुढे आले आहे. ही मापने मानवी दातांची आहेत, जनावरांच्या हाडांची नव्हेत, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

मातृवंशाचे दोन मुख्य गट (आय-१ व आय-२) आढळतात. पहिल्याचे वैविध्य सिंधू खोऱ्याच्या परिसरात अधिक आहे. दुसऱ्याचा उगम तितका स्पष्ट नसून, कळप पूर्वेकडे व दक्षिणेकडे सरकताना स्थानिक रानटी गाई त्यांत मिसळल्या असाव्यात. दक्षिणेत स्वतंत्रपणे गोवंश माणसाळवला गेला, असेही काही संशोधक मानतात. तेलंगणातील उतनूर येथे एफ. आर. ऑल्चिन यांना जळलेल्या शेणाच्या राखेच्या टेकाडात लाकडी खांबांच्या कुंपणाचे अवशेष व गुरांच्या खुरांचे ठसे सापडले. त्यांतून मोठ्या कळपांचे गोठे सिद्ध होतात, स्वतंत्र उगम मात्र सिद्ध होत नाही.

महाराष्ट्रात घोड नदीकाठच्या इनामगाव येथे ताम्रपाषाणयुगीन थरांत गोवंशाची हाडे विपुल असून काहींवर कापल्याच्या खुणा आहेत. म्हणजे जनावरांचा उपयोग नांगर व दुधापुरता मर्यादित नव्हता. प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे १९७४ मध्ये मिळालेल्या कांस्य वस्तूंमध्ये जू घातलेल्या बैलजोडीचा, उभ्या सारथ्यासह रथ आहे. या वस्तू उत्तर हडप्पाकालीन (सिंधू संस्कृतीच्या अखेरच्या टप्प्यातील) मानल्या जातात, तथापि धातूच्या घटकांवरून काहींनी या काळाविषयी शंका घेतली आहे.

खिल्लार, डांगी, देवणी, लाल कंधारी व गवळाऊ हे महाराष्ट्रातील प्रमुख वाण होत. त्यांपैकी डांगी सह्याद्रीच्या जोरदार पावसाच्या पट्ट्यात टिकून राहतो.