जबड्यावर उपचार केले की पाठ थांबेल का दुखायची?

दोन्ही कानांच्या अगदी पुढे एकेक बोट टेकवा आणि सावकाश तोंड उघडा. बोटाखाली काहीतरी आधी जागच्या जागी फिरतं, मग पुढे सरकतं आणि मागे लहानसा खळगा पडतो. हा जबड्याचा सांधा. त्याच्या दोन हाडांमधली तंतुमय चकती जागेवरून सरकली की तोंड उघडताना ‘कट्’ असा आवाज येतो. नुसता आवाज येत असेल, दुखत नसेल आणि तोंड नीट उघडत असेल, तर सहसा काही करावं लागत नाही.

दुखायला लागलं की मात्र प्रकरण जबड्यापुरतं राहत नाही. कानशिलं ठणकतात, कान दुखतो, मान धरते. जबड्याच्या वेदना मेंदूकडे नेणारी ट्रायजेमिनल नस जिथे संपते, तो पेशींचा पट्टा मेंदूच्या देठापासून खाली मानेतल्या मज्जारज्जूपर्यंत उतरतो. मानेच्या वरच्या नसाही तिथेच येऊन मिळतात. दोन्हीकडचे निरोप त्याच पेशींपाशी पोचले की नेमकं कुठे दुखतंय याबद्दल मेंदूची गफलत होते.

मानेपर्यंतचं कोडं असं सुटतं. पण कंबर, गुडघे? जबडा वाकडा म्हणून कणा वाकडा, म्हणून पाठदुखी, अशी साखळी जोडून दात तासून ‘चावा’ (म्हणजे वरचे-खालचे दात जुळण्याची ठेवण) ‘सुधारून’ देणारे भेटतात. ही साखळी मला पटत नाही, आणि तिला भक्कम पुरावाही नाही. तासलेला दात परत येत नाही, हे वेगळंच.

खरं कारण बहुधा मज्जासंस्थेत आहे. वेदना महिनोन्‌महिने टिकली की मज्जारज्जू आणि मेंदू हळवे होतात; साधा दाबही दुखरा वाटतो, तोही शरीरात कुठेही. म्हणूनच जबडेदुखीच्या रुग्णांमध्ये अर्धशिशी, पाठदुखी, फायब्रोमायल्जिया (अंगभर टिकून राहणारं दुखणं) आणि आतड्यांच्या तक्रारी इतरांपेक्षा जास्त आढळतात. अमेरिकेतल्या ‘ऑपेरा’ या अभ्यासात जबडा न दुखणाऱ्या अडीच हजारांहून अधिक लोकांवर काही वर्षं लक्ष ठेवलं होतं. ज्यांना आधीपासून इतरत्र दुखत होतं किंवा ज्यांची झोप बिघडली होती, त्यांना पुढे जबडेदुखी होण्याची शक्यता जास्त निघाली. म्हणजे पुष्कळदा अंग आधी दुखतं, जबडा नंतर.

मग जबड्यावरच्या उपचारांनी इतरत्र फरक पडतो का? डोकेदुखीत पडू शकतो. ब्राझीलमध्ये अर्धशिशी आणि जबडेदुखी दोन्ही असलेल्या स्त्रियांवर झालेला एक प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. अर्धशिशीचं औषध आणि दातांवर बसवायची स्प्लिंट, दोन्ही एकत्र दिल्यावर अर्धशिशीत सर्वांत जास्त सुधारणा दिसली. कंबर-गुडघ्यांच्या बाबतीत मात्र असं छातीठोकपणे सांगता येत नाही. जबड्याचा ठणका कमी झाला, झोप लागू लागली, तर हळव्या मज्जासंस्थेवरचा भार थोडा उतरेल, इतकीच अपेक्षा रास्त.

२०२३ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या शिफारशी याच वळणाच्या आहेत: फिजिओथेरपिस्टच्या हातचे उपचार, देखरेखीखाली जबड्याचे नि शरीराच्या ठेवणीचे व्यायाम, शिथिलीकरण, वेदनेला तोंड द्यायला शिकवणारं समुपदेशन. घरी करण्याजोगी गोष्ट म्हणजे दातांवर लक्ष ठेवणं. ओठ मिटलेले असले तरी एरवी वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेले नसावेत. स्क्रीनकडे बघताना ते आवळले जातात आणि आपल्याला पत्ताही नसतो. आणि जबडा दाखवायला जाल तेव्हा पाठदुखी नि झोपेबद्दलही डॉक्टरांना सांगा. त्यांनी विचारलं नाही तरी.