थर्मलचा (कोळशाच्या वीजकेंद्राचा) सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड गॅस, रेल्वेनं येणार का? आमच्या गिऱ्हाईकांसाठी

सोडावाले, ट्रॉली बनवणारे वेल्डिंगवाले, आग विझवायचे लाल डबे भरून नेणारे, सगळे सध्या एकच विचारून राहिले, "भाऊ, थर्मलच्या चिमणीतला गॅस पकडून रेल्वेनं नेणार म्हणते, मंग आपल्याले स्वस्त काहून नाही भेटत?" दरवेळी काउंटरवर सांगत बसलो तर सिलेंडर कोण भरणार, म्हणून हे पान छापलं.

आपला गॅस अजून रोड टँकरनंच येतो. चिमणीचा असो की दारूच्या भट्टीचा, सीओटू तो सीओटूच, पण चिमणीच्या धुरात तो १२-१४ टक्केच असतो, बाकी बहुतेक नायट्रोजन, म्हणून आधी केमिकलच्या पाण्यात शोषून घ्यायचा, मग ते पाणी तापवून गॅस सोडवायचा, आणि खर्च तिथंच जातो. इथेनॉल कारखान्यात मळी आंबताना मात्र जवळपास शुद्धच निघतो, ४६ किलो अल्कोहोलमागं ४४ किलो.

आता रेल्वे. युरोपात याचे टँक वॅगन चालतात, नवीन काही नाही. गॅस पातळ करूनच न्यावा लागतो आणि हा गडी ५.२ बारच्या (एक बार म्हणजे साधारण आपल्या हवेचा दाब) खाली पातळ राहतच नाही, दाब सुटला की सरळ बर्फ होऊन पाइपात बसते. म्हणून टाकीत १५ ते २० बार दाब आणि उणे २० ते ३० डिग्री. बरं, डब्याला फ्रिज नसते, जाड इन्सुलेशन असते, म्हणजे मोठा थर्मासच समजा. उभा राहिला की आतून तापते, दाब चढते, शेवटी सेफ्टी व्हॉल्व्हमधून गॅस सोडावा लागते. मे महिन्यात बल्लारशाच्या यार्डात मालगाडी अडकली तर काय होईल ते तुम्हीच सांगा, पकडलेला गॅस पुन्हा हवेतच!

वजनाचंही बघा. १२ किलो कार्बन जळला की ऑक्सिजन धरून ४४ किलो सीओटू होतो. कोळशात कार्बन ४० टक्के धरला तरी एक टन कोळशामागं जवळपास दीड टन गॅस. चंद्रपूरचं थर्मल २९२० मेगावॅटचं. कोळशाचा एक रेक (पूर्ण मालगाडी) जळला की दीड रेक गॅस न्यायचा, तोही उघड्या डब्यात नाही, वेगळ्या टाक्यांत, आणि त्या येताना रिकाम्या. एवढ्या मालाला पाइपलाइनच परवडेल असं आम्हाले वाटते, रेल्वे छोट्या कारखान्यांना ठीक.

तुमच्या सिलेंडरला मात्र थर्मासही नाही राजेहो. २० डिग्रीला आत ५७ बार दाब असतो, ३१ च्या वर तर आत पातळ काही उरतच नाही, सगळा गॅस, आणि आपल्याकडं उन्हाळ्यात ४५ कुठं नवीन आहे. म्हणून आम्ही जागा सोडून वजनावर भरतो, "अजून थोडा टाक न" म्हणू नका, नियमही तसाच आहे आणि तो बघणाऱ्या पेसोचं, म्हणजे स्फोटकं न गॅस सिलेंडरची सुरक्षा बघणाऱ्या केंद्राच्या खात्याचं, मुख्य ऑफिस आपल्या नागपुरातच आहे. टिनाच्या शेडखाली उन्हात ठेवू नका. बंद खोलीत तर नकोच, हा गॅस हवेपेक्षा दीडपट जड, खाली साचते, न वास येते न दिसते, जुन्या विहिरीत उतरून माणसं गुदमरतात तसंच.

दाबाचा काटा पाहून किती उरला ते कळत नाही, आतलं पातळ संपेपर्यंत दाब तोच दाखवते. आमचा वजनकाटा दारातच आहे, भरायच्या आधी न नंतर स्वतः ठेवून बघा.